मामांच्या नावाची लढत

“सर गेले, वाईट झालं... पण पोरगं तरी मोकळं झालं.” मामांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मांडवाच्या कडेला चहाच्या पातेल्याजवळ कुणीतरी हे म्हणालं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मी त्यांच्या मागेच कप भरत होते. मी गप्प असते म्हणून लोक माझ्यासमोर काहीही बोलतात. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला असलं बोलणं कळत नाही, असंही काहींना वाटतं. मला कळलं होतं. मी ट्रे तिथेच खाली ठेवला. काही आठवडे उलटले, तरी मामांबद्दल लिहायला बसले की आधी तो रागच पुढे येतो.

माझे भास्करमामा परभणीत एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. संध्याकाळी एका जुन्या गोदामात ते पोरांना बॉक्सिंग शिकवायचे. कॉलेज सुटल्यावर मी तिथे जाऊन बसायची, कारण घरी जायचं ते त्यांच्याच स्कूटरवर. ‘मोकळं झालेलं पोरगं’ म्हणजे गजा. एकोणीस वर्षांचा, नव्वद किलोंच्या वरचा, पालमहून रोज एसटीने येणारा. तो पहिल्यांदा दारातून आत आला तेव्हा बाकीच्या पोरांचे हात थांबले. मामांनी मात्र त्याचे दंड पाहिलेच नाहीत. त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या आणि उकिडवे बसून त्याची पावलं बघत राहिले. परतताना म्हणाले, “वजन कुणाचंबी वाढवता येतं गं. असे पाय शिकवता येत न्हाईत.” इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

पण आमच्याकडे सगळ्यांची नजर कुस्तीची. पोरगं दांडगं दिसलं की जत्रेत भारी जोड लावायची; पडला तर पडला, माती झटकून पुढच्या जत्रेत पुन्हा उभा. गजाला बघायला येणारे त्याची मान चाचपायचे, खुराक विचारायचे, पदकं हातात घेऊन वजन करायचे. त्याच्या वजनगटात जिल्ह्यात दुसरं कुणी नसायचंच. काही पदकं तर समोर कुणी न आल्यामुळे मिळालेली, आणि ज्या लढती झाल्या त्या पहिल्या एक-दोन ठोशांतच संपलेल्या. लोकांना यात ताकद दिसायची, मामांना धास्ती वाटायची. “ह्याला अजून कुणी मारलंच न्हाई. मार खाल्ल्यावर हा काय करतो ते बघितल्याबिगर मी काय सांगू?” म्हणून ते त्याच्यासमोर हलकी, चपळ पोरं सोडायचे. उजवा ठोसा मारला की तो कसा बसला हे बघत गजा उभाच राहायचा, डावा हात खाली यायचा, आणि तेवढ्यात एखादं किरकोळ पोरगं त्याच्या गालावर टपली मारून निसटायचं. “गजा, फोटो काढायला थांबलास का रे?” असं पोरं चिडवायची आणि हा एवढा गडी रडकुंडीला यायचा. मामा त्याला पुन्हा उभं करायचे. अजून दोन वर्षं हेच. बाहेरच्या मुरलेल्या बॉक्सरशी जोड नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

हे भाऊंना पटत नव्हतं. भाऊ आमच्या भागातले पुढारी, गोदाम त्यांचंच. फौजेतला, रिंगमध्ये वर्षानुवर्षं घालवलेला एक जण त्यांनी हेरून ठेवला होता आणि आपल्या वाढदिवसाला गजाची त्याच्याशी लढत लावायची होती. मामांना गळ घालायला ते गोदामात आले. “सर, सोन्यासारखं पोरगं, अन् तुमी तिजोरीत ठेवून बसलाव.” मामा हसून म्हणाले, “सोनं हाय का पितळ, मलाबी अजून ठाव न्हाई भाऊ. कळू तर द्या.” भाऊ उठले आणि जाताना सगळ्या पोरांच्या देखत बोलून गेले, की मास्तरचं काळीज सशाचं हाय. ते वाक्य पानटपरीपर्यंत पोचलं. गजासुद्धा मामांशी धड बोलेना. मामा रोजच्यासारखेच पोरांना शिकवत राहिले. घरी मात्र मामीला म्हणाले, की उद्या पोराच्या डोक्याला काही झालं तर भाऊ दवाखान्यात उशाला बसणार आहेत का... त्यानंतर थोड्याच दिवसांत, शाळेला निघताना, ते अंगणातच कोसळले.

पुण्यानुमोदनाला आम्हा बौद्धांमध्ये गेलेल्या माणसाच्या नावाने काहीतरी जाहीर करायची रीत आहे. कुणी विहाराला पंखा देतं, कुणी शाळेला पुस्तकं. वंदना झाली, भन्ते बोलले, मामीने पुस्तकं जाहीर केली. मग भाऊंनी माईक घेतला. सरांच्या स्मरणार्थ चषक, आणि पहिली लढत गजाची, त्याच फौजीशी. अशा कार्यक्रमात टाळ्या वाजवत नाहीत. त्या दिवशी वाजल्या. काल ज्यांना मामा ससा वाटत होते ते आता ‘सरांचं स्वप्न’ म्हणत होते. स्वप्न... ज्या एका गोष्टीला हा माणूस शेवटपर्यंत नको म्हणाला, तिलाच त्याचं नाव द्यायचं, पोस्टरवर त्याचाच फोटो लावायचा, आणि वर हा त्याचा सन्मान म्हणायचा. जिवंतपणी त्यांना बधवता आलं नाही. आता विचारायचीही गरज उरली नव्हती.

गजा पहिल्या रांगेत बसला होता, खांद्यावर भाऊंनी घातलेली शाल. आधी तो हसला. मग मामांच्या फोटोकडे बघून त्याने शाल काढली आणि मांडीवर घेऊन बसला. मामी मान खाली घालून होती. लढत होईल की नाही, ते आज हे लिहितानाही मला ठाऊक नाही. चार माणसांत मी कधी बोलत नाही, पण मी उठून उभी राहिले. माईक मागायचं सुचलंच नाही. भाऊंकडे मी पाहिलं नाही. गजाकडे पाहिलं, ज्याच्याशी तोवर एक शब्दही बोलले नव्हते.

“मामा नको म्हणाले होते, गजा. ते वारले म्हणून त्या ‘नको’चं ‘हो’ होत नाही.”