कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो

लिहिण्याचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपरापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही.

शेवटच्या वर्षी सेमिनारला मी विषय घेतला होता: जर्मनीत कृत्रिम बुद्धिमत्तेवर सरकार नियंत्रण कसं ठेवतं. नारायण पेठेतल्या खोलीत कॉटवर बसून वाचायचो. युरोपचा कायदा तिथे लागू आहे. मुलाखतीत चेहरा पाहून यंत्राने उमेदवाराच्या भावना ठरवायच्या नाहीत. नोकरीसाठी माणसं निवडणाऱ्या यंत्रावर माणसाचीच देखरेख हवी. कंपनीत असं काही आणायचं तर कामगारांनी निवडून दिलेल्या समितीशीही बोलावं लागतं. वाचताना हेवा वाटायचा, पण लांबून वाटतो तसा.

मग एका जर्मन कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिससाठी मुलाखती झाल्या. समोर माणूस नव्हता, लॅपटॉप होता; प्रश्न विचारणारं यंत्रच होतं. त्यातून 'गुड मॉर्निंग' ऐकू आलं आणि मी उठून उभा राहिलो. गावच्या शाळेत गुरुजींना कुणी बसून उत्तर दिलेलं मला आठवत नाही. सुरुवातीची उत्तरं मी उभ्यानेच दिली. कॅमेऱ्याला माझ्या शर्टाची बटणं दिसली असतील. लक्षात आल्यावर बसलो, पण खाली गेलेली मान काही वर येईना.

निकालात यंत्राने गुण देऊन खाली लिहिलं होतं: आत्मविश्वास कमी, चेहऱ्यावर उत्साह नाही. निवड नाही.

बाबा भंडाऱ्याकडे राईस मिलमध्ये पोती उचलतात. फोनवर म्हणाले, "उभा राहला त चांगलंच केलं ना बाबू. सायबासमोर बसून बोलते का कोनी?"

मी 'हो' म्हणून फोन ठेवला.

धीर करून प्लेसमेंटच्या सरांकडे गेलो. म्हणालो, "सर, त्यांच्या देशात हे चालत नाही. कुणीतरी माणसाने माझं रेकॉर्डिंग एकदा बघावं, एवढीच विनंती आहे."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, आपण राहता कुठे?"

"नारायण पेठेत, सर."

"मग नारायण पेठेतला कायदा सांगा. बर्लिनचा बर्लिनला."

तरी त्यांनी मेल पाठवला, हे सांगायला हवं.

उत्तर येईना. माझा रूम पार्टनर त्याच कंपनीत लागला आणि मांजरी उपनगरात राहायला गेला. त्याच्या कॉटवर नवीन मुलगा आला. सेमिनार झाला. मागून एकीने विचारलं, "पण याचा आपल्याला काय उपयोग?" सेमिनार घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे." मी पुढची स्लाइड लावली. मार्क मात्र चांगले पडले. कंपनीचं उत्तर आलं का, असं बाबा रोज विचारायचे, मी रोज 'अजून नाही' म्हणायचो.

परवा सरांचाच फोन आला. आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच मी घाबरलो.

"बघायला कंपनीतल्या एक बाई तयार झाल्या होत्या हो. पण रेकॉर्डिंगच राहिलेलं नाही. उमेदवाराचं चित्रण ठराविक काळानंतर पुसायचं, हा त्यांच्या तिकडचा नियम. तो ते इथेही पाळतात. गुण तेवढे ठेवलेत."