पदरात घेणारा परका देव

शांतवन भाऊजी गेल्याचं मला लोहाऱ्याच्या बाजारात कळलं. मी जोंधळे पारखत उभी होते. धाराशिवच्या एसटीचा कंडक्टर ओळखीचा, तो जवळ आला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली अन् म्हणाला, "काकू, घरी चला. कचेरीपुढचे अर्जवाले काका गेले." मुठीतले दाणे मी परत पोत्यात सोडले. त्याला आता महिना होत आला. लिहायचं की न्हाई, हे ठरवण्यातच महिना गेला, कारण लिहायला बसलं की आधी लाज पुढं येऊन बसते…

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा पाच-सहा वर्षांचे असतील. आई नव्हती. अंगभर खरूज, केसांच्या जटा. मी धरून चुलीमागं न्हाऊ घातलं, तर माझ्या मनगटाला कडकडून चावले. लहान होते तोवर मी त्यांना शांतू म्हणायची, मिशी फुटल्यावर भाऊजी झाले. आमचं घर ख्रिस्ती, माझे मालक मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच. मिशननं भाऊजींना बाहेरगावी उपदेशकाच्या शिक्षणाला धाडलं. सुट्टीत ते पुस्तकं घेऊन येत अन् मी भाकरी थापता थापता त्यातली अक्षरं जुळवत बसे. माझी शाळा तेवढीच.

अशाच एका सुट्टीत ते लई विचारात होते. म्हणाले, वहिनी, आम्हाला जुन्या पाखंडांचा एक धडा लावलाय, खोडून काढायला शिकावं म्हणून. पण मला तो खोडवत न्हाई. मग त्यांनी सांगितलं ते असं. ख्रिस्तानंतरच्या पहिल्या शे-दोनशे वर्षांत, मंडळी नवी होती तेव्हा, काही लोक म्हणत की हे जग घडवणारा देव वेगळा. तो कडक, हिशेबी. सापाला विष त्यानं दिलं, बाईला कळा त्यानं दिल्या, लेकरांची दुखणी त्याचीच. त्याच्याही वर दुसरा एक देव आहे, मायाळू. ही घडण त्याची न्हवे, आपण त्याचे कुणी न्हवे. पण त्यानं हे सगळं पाहिलं, त्याला राहवलं न्हाई, अन् दुसऱ्यानं करून ठेवलेलं नीट करायला तो आला. ख्रिस्ताला धाडलं ते त्यानं. असं म्हणणाऱ्यांना मंडळीनं बाहेर काढलं.

मी विचारलं, "परक्याचं घर झाडायला त्याला काय पडलं होतं?"

"तेच तर, वहिनी. काही पडलं नव्हतं. तरी आला." माझ्या मनगटाकडं बघून हसले. "तुम्ही न्हाई का आलात? घडवलं एकानं अन् पदरात घेतलं परक्यानं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलंच न्हाई."

पुढं ते आमच्याच मंडळीचे उपदेशक झाले. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. माझी रूथ पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली अन् लेकरू बाप्तिस्मा व्हायच्या आधीच धनुर्वातानं गेलं. आमच्यात मूठमाती देताना एक वाक्य म्हणतात, की देवानंच दिलं, देवानंच नेलं. ते झालं की सगळ्यांनी आमेन म्हणायचं. भाऊजी त्या वाक्यापाशी येऊन थांबले. पुस्तक मिटलं अन् म्हणाले, "हे लेकरू आपल्या देवानं नेलं न्हाई. तो असलं नेत नसतो." आमेन कुठं म्हणायचं हे कुणाला कळेना. घरी येऊन मी रूथला जसंच्या तसं सांगितलं. तिनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताट पुढं ओढलं.

मिशनकडं तक्रार गेली. ती आमच्याच घरातून गेली, मालकांनी केली. बैठकीला मोठे पाळकसाहेब जीपनं आले. त्यांनी एवढंच विचारलं, की आकाश अन् पृथ्वी घडवणारा आपला स्वर्गातला बापच की न्हाई? हो म्हटलं असतं तर मिटलं असतं. भाऊजी म्हणाले, "साहेब, त्या लेकराच्या आईसमोर मला हो म्हणवत न्हाई." मग मीच उठले. बाया बैठकीत बोलत नसत, तरी उठले अन् सांगितलं, की ह्यांच्या शब्दानं माझी लेक जेवली. मला वाटलं, झाला तर उपयोगच होईल. साहेब मऊ आवाजात पंचांना म्हणाले, "पाहा, बायका किती वाहवल्या आहेत." त्यावरच निकाल झाला, भाऊजींचं उपदेशकपण गेलं…

त्यानंतर भाऊजी धाराशिवला कचेरीपुढच्या कडुलिंबाखाली अर्ज लिहीत बसले. कारभार उर्दूतून मराठीत आला होता, त्यांना दोन्ही येत, गर्दी असायची. मी गेले की चहा मागवत. म्हणत, "कायदा करणारा एक असतो वहिनी, अन् गाऱ्हाणं ऐकणारा दुसरा. माझं सगळं काम दुसऱ्याकडं." भाऊभाऊ भेटले तर पावसापाण्याचं बोलत.

त्यांच्या मातीला जाताना एसटीत मी मालकांना म्हटलं, ते वाक्य तेवढं वगळायला सांगा. ते म्हणाले, मंडळीचा रिवाज आहे. तिथला पाळक तरुण, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. त्यानं वाक्य म्हटलं, पुरतं म्हटलं. सगळे आमेन म्हणाले. अन् माझं तोंड, जन्मभराच्या सवयीचं, तेही म्हणालं. मला कळलं तेव्हा शब्द बाहेर पडून गेला होता. त्यांनी ज्या परक्या देवाला माझ्यावरून ओळखलं, त्याच्यावर मी त्यांच्याच मातीपाशी त्यांना नेल्याचा आळ घातला. परतताना रूथ एवढंच म्हणाली, "आई, तुझा आवाज सगळ्यात मोठा होता."

रूथ अजून इथंच आहे, तिचा धाकटा पोरगाही. परवा तो नको नको म्हणताना पळाला अन् उंबऱ्याला ठेचकाळून पडला. आमच्या घरात अशा वेळी म्हातारी माणसं म्हणतात, बघ, देवानं पाडलं. तेच मालकांच्या तोंडी आलं, "बघ, देवानं…" अन् पुढचं अडलं. मग दुखरे गुडघे धरत उठले, पोराला उचललं, धोतराच्या सोग्यानं त्याचं रक्त पुसलं.

"देवानं काय, आजोबा?" पोरानं विचारलं.

"काही न्हाई रे. उंबरा उंच आहे."

मी परातीतल्या पिठावरून मान वर केली न्हाई. त्यांनीही माझ्याकडं बघितलं न्हाई. पोर रडायचं थांबलं तरी ते त्याला कडेवर घेऊन तसेच दारात उभे होते.