फोन वाजला की रान उपाशी

पाणी कोणीही चोरलं नव्हतं. चूक माझ्या तारेत होती. ती तारेत आहे हे मला पुढे कळलं, आणि कळल्यावरही मी तोंड उघडलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्यासाठी सबबी शोधायला नको. मी स्वतः वीस-बावीस वर्षं त्या शोधत होतो. वय लहान होतं, नोकरी कच्ची होती, तंत्र नवं होतं. एकही सबब टिकत नाही.

मी लासुर्ण्याचा. घरचा ऊस, आणि वडील जवळच्या कारखान्यात फिटर. इंजिनीअर झाल्यावर मीही दोन वर्षं एका कारखान्यात काढली. तिथे लेथवरून उतरणारे नग मोजायला एक काउंटर असे. नग पुढे सरकला की विजेचा एक ठोका आणि ठोक्याला एक आकडा. बारामतीच्या बाजूला एका कॉलेजच्या कॅम्पसवर मला घेतलं ते याच विद्येसाठी. फक्त नगांऐवजी पाणी मोजायचं होतं. कॉलेजच्या शेतात उसाचा बेणे मळा होता. मीटरमधून ठरावीक पाणी गेलं की एक ठोका येणार, कॉम्प्युटर ठोके मोजणार आणि पाणी पुरं झालं की व्हॉल्व्ह आपोआप बंद करणार. तालुक्यात असं काही कोणी पाहिलेलं नव्हतं.

कॉम्प्युटर मुख्य इमारतीत आणि मळा पार पलीकडच्या टोकाला. वेगळी तार टाकायची तर सबंध कॅम्पसमधून चर खोदावा लागला असता. पण टेलिफोनची जाड केबल आधीच तिकडे गेलेली होती. वसतिगृहाचा, शेती कार्यालयाचा आणि पंपघराचा फोन तिच्यावरच चाले, आणि तिच्यात तारांच्या बऱ्याच जोड्या रिकाम्या होत्या. त्यातली एक मी माझ्या मीटरला लावली. एका दुपारात काम झालं. प्राचार्यांनी पाठ थोपटली, मला चहा पाजला.

मळ्याला पाणी द्यायचं काम तात्यांकडे होतं. तेव्हा त्यांची पन्नाशी आली असावी. सरीत टाच रोवून ओल जोखत ते सांगत, उद्या दुपारपर्यंत वाफसा येतो, आणि तो उद्या दुपारपर्यंतच येई. जुनी माणसं यंत्राला भितात असं आम्ही शिकलेले लोक फार सहज म्हणतो. तात्या भीत नव्हते. व्हॉल्व्हच्या पेट्या त्यांनीच खांद्यावरून मळ्यात नेल्या.

"रातरात पान्यात दारं धरून पायाची बोटं कुजली सायेब," ते म्हणाले होते. "यंत्र आलं म्हनून मी काय सुतक पाळू?"

जून कोरडा गेला, आणि मळ्याची पात सुकायला लागली. कॉम्प्युटरवर मात्र रोज पुरं पाणी दिल्याची नोंद होती. मी कागद काढून बघितला, पुन्हा बघितला. आकडे बरोबर. रान कोरडं. मग पाणी गेलं कुठं? मळ्याच्या बांधापलीकडे तात्यांच्या भावाचं शेत होतं, आणि बांधाजवळ हाताने फिरवायचा एक व्हॉल्व्ह होता. मला उत्तर मिळालं.

तात्या स्वतःहून माझ्याकडे आले होते. दारातच उभे राहून म्हणाले, "सायेब, एक गंमत बगितली. फोन लई वाजला की माझं रान उपाशी ऱ्हातं."

मी हसलो. ती गोष्ट मी कँटीनमध्ये सांगितली आणि हशा पिकला. तात्या दिसले की कोणीतरी ओरडे, "काय तात्या, आज फोन किती पाणी प्याला?"

"तुझ्यापरास कमीच," तात्या चालता चालता म्हणत.

पण ते गप्प बसले नाहीत. आमच्या प्रयोगशाळेला लागून टेलिफोन एक्स्चेंजची खोली होती, मध्ये काचेची भिंत. तिथल्या ऑपरेटरबाईंना सगळं कॅम्पस ताई म्हणे. तात्यांनी त्यांना हाताशी धरलं. एका सकाळी मळ्याचा मुख्य व्हॉल्व्ह त्यांनी हाताने घट्ट बंद केला. थेंबभर पाणी वाहत नव्हतं. मग ताईंनी वसतिगृहाला आणि पंपघराला घंटा दिल्या आणि काचेतून माझ्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. आकडा चढत होता. किती घंटांना किती आकडे चढले ते त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलं आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"तात्या म्हणतात, तुम्ही या, तुमच्यासमोर पुन्हा करून दाखवतो."

"तुमचं काम फोन जोडायचं," मी म्हणालो. "ते करा."

मी गेलो नाही. हा माझा सगळ्यात मोठा गुन्हा आहे असं मला वाटतं. दोन माणसांनी, ज्यांच्याकडे माझ्यासारखी पदवी नव्हती, अगदी शास्त्रशुद्ध प्रयोग केला होता. एक गोष्ट बंद ठेवायची, दुसरी बदलायची आणि काय होतं ते लिहून काढायचं. मला चार वर्षं हेच शिकवलं होतं. स्क्रीन माझ्याच प्रयोगशाळेत होता, आणि मी उठून बघितलं नाही.

त्याऐवजी मी अहवाल लिहिला. व्हॉल्व्हमध्ये हाताने फेरफार करून पाणी बाहेरच्या शेतात वळवलं गेल्याचं दिसतं, असं त्यात होतं. चोरी हा शब्दही होता. तात्यांचं घर बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धर्म बदलला, मग दोघा भावांनी थोडी थोडी करून जमीन केली. बांधापलीकडे माझ्या एखाद्या पाहुण्याचा ऊस असता तर तो शब्द माझ्या हातून इतक्या सहज उतरला असता का? हा प्रश्न मला आज पडतो. तेव्हा पडला नाही.

तात्यांपुढे जबाब ठेवला गेला. चूक मान्य केली तर फाटकावर काम देऊ, असं प्राचार्य म्हणाले. तात्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला.

"सही येती मला," ते म्हणाले. "पर ह्यावर न्हाय करनार."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले. पुन्हा कॅम्पसमध्ये पाऊल टाकलं नाही.

पावसाळा सरताना वीज पडून एक्स्चेंज बंद पडलं. चार दिवस एकही घंटा नाही. त्या चार दिवसांत मळ्याला मोजून पुरं पाणी मिळालं. दुसऱ्याच दिवशी मला कळलं होतं. शेजारच्या तारेतून घंटेची वीज गेली की तिचा धक्का माझ्या तारेत उमटत होता, आणि कॉम्प्युटर त्यालाच पाणी समजत होता. प्रवेशाच्या दिवसांत पालकांचे फोन सारखे वाजत, तेवढं रान उपाशी राही. शब्दाला शब्द, तात्यांनी सांगितलं तसं.

मी चर खोदून घेतला, वेगळी तार टाकली आणि वहीत 'सुधारणा' असं लिहिलं. एवढंच. पुढे मी नोकरी सोडली, स्वतःचं काम सुरू केलं. आज इंदापूर आणि बारामती तालुक्यांतल्या कितीतरी शेतांत मी बसवलेली यंत्रं मोबाईलवरून पाणी सोडतात. त्यातल्या एकाही तारेशेजारी मी दुसरी तार जाऊ देत नाही. गिऱ्हाइकांना वाटतं मी फार काटेकोर आहे.

गेल्या वर्षी बारामतीत एका लग्नाच्या पंगतीत ताई माझ्या शेजारी बसल्या. केस पांढरे झालेले, आवाज तोच. मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "माझ्या त्या कागदाचं काय केलंत?"

मी म्हणालो, "ताई, तुमचं बरोबर होतं. मला माफ करा."

"मला ते त्याच दिवशी माहीत होतं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे कशाला मागता? गावच्या लिफ्टवर तात्यांना पाटकरी करणार होते. कॉलेजनं पाणीचोर म्हणून काढलेला माणूस नको, म्हणाले. अजून त्यांच्या घराला लोक तेच म्हणतात. जिलेबी घ्या."

लिफ्ट म्हणजे नदीचं पाणी उचलून शेतांना देणारी गावची सहकारी संस्था, आणि पाटकरी म्हणजे कुणाला केव्हा किती पाणी, हे ठरवून सोडणारा माणूस. गावात त्याच्याइतका विश्वास दुसऱ्या कोणावर टाकलेला नसतो.

चार दिवसांनी मी तात्यांकडे गेलो. गोठ्यासमोर खाट टाकून बसले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"या, फोनवालं," ते म्हणाले. "बसा. म्हस मारत न्हाय."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तार, घंटा, चार दिवस, वहीतला शब्द. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला म्हाईत हाय की हे," ते म्हणाले. "मला काय सांगतुयास? माज्या बापाला ह्या गावात पानी वरनं वतायचे. त्याच्या पोराच्या हातात अख्ख्या गावाचं पानी येनार हुतं. तू एका कागदावर घालवलंस. आन माफी गोठ्यात मागतुयास, म्हशीफुडं?"

"मग कुठं मागू, तात्या?"

"लिफ्टची सभा हाय म्हैनाअखेर. तितं हुबा ऱ्हा. आन नुसतं बोलू नगंस, इतिवृत्तात लिव्हून घे. तुजं खोटं लिव्हल्यालं हुतं. त्येला खरंबी लिव्हल्यालंच पायजे."

बायको म्हणाली, त्यांच्या घरी जाऊन माफी मागितलीत, पुरे झालं. ज्याच्यासोबत धंदा करतो तो म्हणाला, त्याच गावात आपली सहा कामं चालू आहेत, लोक म्हणतील याचं यंत्र खोटं मोजतं. म्हणू देत, मी म्हणालो. एकदा मोजलं होतं. माझा अहवाल खोटा होता, हे फाइलला लावा, असं मी कॉलेजला पत्र लिहिलं. आताच्या प्राचार्यांचा फोन आला. माणूस सभ्य आहे.

"सर, ती फाइल आता कोणी बघतसुद्धा नाही."

"मग तिच्यात एक कागद वाढला तर बिघडतं काय?"

"संस्थेचं नाव उगीच निघेल."

"संस्थेचं नाही काढत. माझं काढतो. माझं काढायला मला कोणाची परवानगी लागत नाही."

हे बोलताना माझा आवाज चढला होता, आणि मला त्याची लाज वाटली नाही. बावीस वर्षं मी फार सभ्य आवाजात गप्प बसलो होतो.

सभा सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी अकराला होती. पंपाची दुरुस्ती, फुटलेली पाइपलाइन, वरच्या वाडीला पाणी चढत नाही यावर भांडण. तात्या मागच्या रांगेत, काठी गुडघ्यांमध्ये धरून, मुलगा आणि सून दोन्ही बाजूंना. मी हात वर केला तेव्हा चेअरमन म्हणाले, "तुमी सभासद न्हाय. आन हा विषय अजेंड्यावर न्हाय."

"आयत्या वेळचे विषय आहेत की शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने," मी म्हणालो. "त्यात घ्या."

चेअरमननी सचिवाकडे पाहिलं. सचिव अजेंड्याकडे बघत राहिला. तिथे ती ओळ होती, दरवर्षी असते.

"आवो, जेवनं थांबल्यात," कोणीतरी म्हणालं. "बुंदी गार हुईल."

एक म्हातारे मागून ओरडले, "तात्या बावीस वरीस थांबला, तुला बुंदी थांबंना व्हय रं?"

हॉल हसला. चेअरमन म्हणाले, "बोला. पर लांबवू नगा."

मी सचिवाला म्हणालो, मी सांगतो तसं लिहा. त्याने पेन उघडलं. माझ्याजवळ कागद तयार होता, पण तो मी खिशातच ठेवला आणि तात्यांकडे तोंड करून बोललो.

"तात्या, तुम्ही पाणी चोरलं नव्हतं. तुमच्या भावानेही घेतलं नव्हतं. माझी तार चुकीची होती, आणि तुम्ही ते मला वेळेवर सांगितलं होतं. तुम्ही दाखवायला बोलावलंत, मी आलो नाही. पुढे मला खरं कळलं, तेही मी दाबलं, कारण मला माझं नाव तुमच्या नावापेक्षा मोठं वाटत होतं. या गावात तुम्हाला आणि तुमच्या घराला जे म्हटलं गेलं ते माझ्या खोट्या कागदावरून म्हटलं गेलं. तो कागद खोटा होता, हे या वहीत माझ्या सहीने लिहिलं जाऊ द्या. तुमच्या हातात येणारा गावाचा पाट मी घालवला, आणि तो मला परत देता येत नाही. मला माफ करा."