मावशीचा आवाज सुट्टीवर होता तेव्हा

माझी मावशी फलटणजवळच्या एका वाडीत राहते. काका, म्हणजे तिचे यजमान, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता ऊस आणि म्हशी सांभाळतात. मुलगा शिरवळला एका कारखान्यात नोकरीला. त्यानंच आईला चांगला फोन घेऊन दिला आणि व्हिडिओंचं चॅनेल काढून दिलं. पुढं त्याला पाळ्यांमुळं वेळ मिळेना, तेव्हा ते काम माझ्याकडं आलं. सांगलीत, विश्रामबागला, घराच्या पुढच्या खोलीत माझं व्हिडिओ एडिटिंग चालतं. क्लासचे सर, हळदीचे एक जैन व्यापारी, एक दातांचे डॉक्टर ही माझी गिऱ्हाइकं. मावशी गिऱ्हाईक नव्हती. तिचे व्हिडिओ मी सगळ्यात शेवटी, चहाचा कप घेऊन करायला बसायची. ती माझी मजा होती.

ती करायची काय, तर बोलायची. रेसिपी नाही की उपदेश नाही. फोन डब्याला टेकवून ठेवायचा, समोर शेंगांनी भरलेलं सूप घ्यायचं आणि शेंगा फोडत सुरू व्हायचं, "काय गं बायांनो, जेवलासा का?" मग सकाळपासून जे काही घडलं ते. शेजारणीची सून पहिल्यांदा कशी गाडी शिकली, ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईचं पोर हिच्या अंगणात कसं झोपलं, काका तूर निवडायला बसले आणि खडे ठेवून तूर कशी टाकत होते. मधेच ती म्हशीवर ओरडायची. सुरुवातीला मी ते ओरडणं कापत होते. तर खाली तक्रारी आल्या, की मावशी म्हशीला काय म्हणाली ते आम्हाला ऐकू द्या.

या तक्रारी करणाऱ्या बहुतेक फौजींच्या बायका. कुणी आसामात, कुणी पंजाबात, कुणी राजस्थानात, नवऱ्याच्या क्वार्टरमध्ये. आजूबाजूला सगळी हिंदी. त्या भांडी घासताना, पोराला भरवताना मावशीला लावून ठेवायच्या. एकीनं लिहिलं होतं, "मावशी, तुमचा फोटो नसला तरी चालंल, नुसता आवाज पायजे."

आणि आवाज होताच तसा. काका उसाच्या पार दुसऱ्या टोकाला पाणी पाजत असले तरी त्यांना ती दारातून हाक मारायची आणि ती पोचायची. गोड नव्हता. खणखणीत होता, कडेला जरा फाटलेला.

मग तिच्या गळ्यावरची गाठ वाढली. मिरजेला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आम्ही सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला. पण मावशी शुद्धीवर आली आणि बोलायला गेली, तर नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, आवाजाच्या शिरेला सूज आहे, काही महिने वाट बघा. येईल का, असं काकांनी विचारलं. बहुतेक येईल, असं डॉक्टर म्हणाले. काकांना 'बहुतेक' हा शब्द सोसला नाही. दवाखान्याच्या आवारात ते बराच वेळ एकटेच फेऱ्या मारत राहिले.

चॅनेल बंद पडलं. जुने राहिलेले तुकडे जोडून मी थोडे दिवस काढले, पण लोक आटायला लागले. याच सुमारास सांगलीत एका हॉलमध्ये आमच्या कामातल्या लोकांसाठी एक कार्यक्रम होता. पुण्याहून आलेला एक चटपटीत मुलगा येणाऱ्या काळाविषयी सांगत होता. पुढं माणसाला स्वतः बोलावंच लागणार नाही, म्हणाला. तुमचा आवाज एकदा मशिनला शिकवा, मग तुम्ही लिहा, ते बोलेल. मराठीत बोलेल, तमिळमध्येही बोलेल. तुम्ही आजारी पडलात, गावाला गेलात, तरी चॅनेल चालू. हळदीचे व्यापारी माझ्या शेजारीच बसले होते. ते हळूच म्हणाले, "म्हणजे मी दुकानात आणि मीच फोनमध्ये. गिऱ्हाईक कुणाशी भांडणार?" मी हसले, पण माझ्या डोक्यात मावशी होती.

घरी आल्यावर मी काकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करून बघ. तिला बरं वाटलं तर चांगलंच हाय." मग मी मावशीचं जुनं रेकॉर्डिंग काढलं आणि कामाला लागले. पहिल्या खेपेला तो आवाज बातम्या दिल्यासारखा बोलला. 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं. पुन्हा केलं, पुन्हा पुन्हा केलं. शेवटी एका दुपारी कॉम्प्युटरमधून मावशी बोलली. "काय गं बायांनो, जेवलासा का? मी आता एकदम बरी हाय." शेजारच्या खोलीतून माझी सासू उठून आली. "तुझी मावशी आली व्हय गं?" म्हणाली.

मी विट्यावरून, दहिवडीवरून एसटीनं फलटणला गेले. मावशी दारातच बसली होती. वाळली होती, गळ्याला सुती ओढणी गुंडाळलेली. मी तिच्या पुढ्यात फोन ठेवला आणि लावला.

आवाज सुरू झाला आणि तिचा हात गळ्याकडं गेला. चेहरा असा उजळला, की मला वाटलं, आले ते बरं झालं. गोठ्यात म्हैस हंबरली. काका दावं तसंच हातात घेऊन बाहेर आले आणि थांबले. मावशीनं खूण केली, पुन्हा लाव. मी लावलं. पुन्हा लाव. तिसऱ्या वेळी मात्र ती मान तिरकी करून ऐकत होती, बाजारात नाणं वाजवून बघतात तशी.

मग तिनं मला जवळ ओढलं आणि कानाशी कुजबुजली, "हिला दम लागत न्हाई गं."

"म्हणजे?"

"मी मधी थांबती. पानी पिती. ही नुसती पळतीया." थोडं थांबून, श्वास घेऊन तिनं विचारलं, "आन मी बरी हाय, आसं कुनी सांगितलं?"

"मी लिहिलं मावशी. सगळ्या विचारतात म्हणून."

"मी बरी न्हाई." तिचे डोळे भरले. ऑपरेशननंतर ती आमच्यासमोर रडली नव्हती. "रोज सकाळी उठून बगती, आला का म्हून. न्हाई येत. आन ही म्हनती बरी हाय. त्या पोरी मला आपलं समदं खरं सांगत्यात गं."

मी फोन बंद केला. काका गोठ्याकडं परत गेले.

जरा वेळानं मावशीनं तोंड धुतलं, केस नीट केले आणि मला खूण केली, की लाव फोन डब्याला. जशी आहे तशी दिसू दे. ती समोर बसली, हात जोडले आणि कुजबुजायला लागली. फोनला काहीच ऐकू जाईना. तिनं हातवारे केले, गळ्याकडं बोट दाखवलं, मिरजेची दिशा दाखवली. अर्थ लागत नव्हता. ती वैतागली.

तेव्हा काका आले. हा माणूस इतक्या दिवसांत कधी कॅमेऱ्यापुढं आला नव्हता. चुकून आलाच तर पाठ दिसायची. त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली, मावशीच्या मागं सावधानमध्ये उभे राहिले आणि परेडच्या मैदानावर बोलावं तसे बोलले, "जय हिंद. माझ्या मिसेसचा आवाज सध्या छुट्टीवर गेलेला आहे. परत कधी रिपोर्ट करणार, ते ठाऊक न्हाई. तोपर्यंत ड्यूटी मी करणार."

मावशीनं वळून बघितलं. मग तिनं हातानं काहीतरी गोल गोल दाखवलं.

"ती म्हणतीया, भाकरी खाल्ली का?"

मावशीनं जोरानं मान हलवली आणि पुन्हा गोल दाखवलं.

"चाक. गाडीचं चाक. न्हाई? मग चंद्र."

मावशीनं कपाळावर हात मारला. ती हसायला लागली, आवाज न होता, खांदे हलवत. काकाही हसले. गोल म्हणजे बांगड्या, हे तिनं नंतर माझ्या कानात सांगितलं. आसामातली एक मुलगी बाळंतपणाला माहेरी येणार होती, तिनं बांगड्या भरल्या का, हे मावशीला विचारायचं होतं.

तो व्हिडिओ मी कुठंही न कापता टाकला. त्यानंतर जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. त्या बायकांनी लिहिलं नाही, त्या बोलल्या. आवाजाचे निरोप यायला लागले. "मावशी, आता तुमी ऐका, आमी बोलतो." कुणी क्वार्टरमधल्या माकडांविषयी सांगितलं, कुणी पोराच्या शाळेचं, एकीनं नवऱ्यानं केलेल्या खिचडीचं. कुणी नुसतंच आपल्या अंगणातली चिमण्यांची कलकल पाठवली. मावशी दुपारभर फोन कानाला लावून बसायची. काका रोज एकीला उत्तर द्यायचे, तिच्या खुणांवरून, आणि हमखास चुकायचे. ती चुकीची उत्तरं ऐकायला आणखी लोक यायला लागले. मुलींचे बाप, रजेवर आलेले जवान, शिरवळच्या कारखान्यातली पोरं.

डॉक्टरांनी आवाजाचे व्यायाम दिले होते. पाण्यात नळी घालून बुडबुडे काढत हुंकार द्यायचा. काकांनी त्याची कवायत केली. सकाळी चहाच्या आधी, "फुंकर, शुरू कर!" म्हणून हुकूम सुटायचा. मावशी बुडबुडे काढायची आणि डोळे वटारायची.

हळूहळू त्या हवेत कुठंतरी एक खरखर मिसळायला लागली. मला फोनवर पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा मी लाइन खराब आहे असंच समजले.

त्याच दिवसांत पुण्याच्या एका कंपनीच्या माणसाचा मला फोन आला. मी तेव्हा वाडीलाच होते. त्याला मावशी आणि काका दोघंही आवडले होते, त्यांच्यासाठी जाहिराती आणतो म्हणाला. बोलायला गोड होता. मी आनंदानं सांगितलं की, आता मावशीचा आवाजही परत येतोय. मग तो म्हणाला, "मॅडम, एक सुचवू? आवाज आला तरी सध्या सांगू नका. न बोलणारी बायको आणि चुकणारा नवरा, हेच लोकांना आवडतंय. वर्षभर असंच ठेवा."

फोन स्पीकरवर होता. मावशी पोळी लाटत होती. तिनं लाटणं ठेवलं, पिठाचे हात पदराला पुसले आणि फोन माझ्या हातातून घेतला.

"आवं भाऊ," ती म्हणाली. आवाज जाड होता, पुरुषासारखा, पण आवाज होता. "मी मुकी बरी दिसती म्हनून गप बसू व्हय? तुमची बायकू बसंल का?"

बाहेर बादली पडल्याचा आवाज झाला. काका धावत आत आले, पाय ओले, आणि चौकटीला धरून उभे राहिले. मावशी अजून बोलतच होती. त्या माणसाला ती विचारत होती, की जेवलास का, तुझी आई कुठं असते. बिचारा उत्तरं देत होता. बोलणं संपल्यावर काकांनी एवढंच विचारलं, "आणखी थोडं बोलतीस का?"

"काय बोलू?" मावशी म्हणाली.

"काय बी."

ती लाजली. मी पोळी भाजायला घेतली, कारण तव्यावरची जळत होती.

आवाज पहिल्यासारखा झाला नाही. उसाच्या टोकापर्यंत हाक जात नाही, म्हणून आता ती काकांना मिस्ड कॉल देते. थोडं बोललं की थांबावं लागतं. ती थांबते तेव्हा काका पुढचं वाक्य पुरं करतात आणि ती त्यांना दुरुस्त करते. जाहिराती काही आल्या नाहीत. मशिनला शिकवलेला तो आवाज काय करू, असं मी मावशीला विचारलं होतं. "पुसून टाक," म्हणाली, "एका घरात एक बोलनारी पुरं." मी तिच्या देखत पुसला.

मागच्या उन्हाळ्यात बेळगावकडची एक मुलगी नवऱ्याच्या रजेत त्याला घेऊन वाडीला आली. कानडी हेल असलेली मराठी, कडेवर बाळ. ती पंजाबात असताना मावशीला ऐकायची. मला वाटलं, फोटो काढायचा असेल, म्हणून मी फोन पुढं केला. ती म्हणाली, "फोटो नको ताई." मग मावशीकडं वळून अडखळत म्हणाली, "मला आई न्हाई. मावशी, तुमी मला जरा रागवा की."

मावशीनं तिला खालून वरपर्यंत बघितलं. "एवढ्या उनाचं पोराला टोपी न्हाई घातली व्हय?" ती घोगऱ्या आवाजात कडाडली. "आन तू काय हवा खाऊन राहतीस? हातपाय बग कसं झाल्यात. बस हितं. आधी जेव."

मुलगी पाटावर बसली आणि रडत रडत हसायला लागली. नवरा बावरून उभाच होता, त्याला काकांनी खांद्याला धरून बाहेर नेलं, ऊस दाखवायला. मावशीनं मला हातानं खूण केली, फोन ठेव. या वेळी खूण लगेच कळली. मी फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला आणि वाढायला आले.