बदलीवाल्याचा राजीनामा

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा काय करतो असं कुणी विचारलं, की आमच्या घरात सगळ्यांना एकदम तहान लागते. जो तो पाण्याचा पेला उचलतो. माझा मुलगा पाठीमागे त्याला ‘पोझिशनकाका’ म्हणतो. मी त्याला रागावते, पण हळू आवाजात. तोंडावर मी या माणसाला अहो-जाहो करते, पहिलं ताट त्याला वाढते. माझ्या जिभेला आवर घाल, असं रोज सकाळी देवापुढे हात जोडून मागते. जिभेपुरतंच मागते. हाताबद्दल अजून काही बोलले नाही, म्हणून हे लिहिते.

शिकलेला आहे, नाही असं नाही. वडील मुख्याध्यापक होते, त्यांनी इंग्रजी चांगलं घोटून घेतलं. त्या इंग्रजीनेच घात केला. त्याचं म्हणणं असं, की इंग्रजीत कामाला पायऱ्या आहेत आणि आपली पायरी न ओळखता माणसं कुठेही चढतात. सगळ्यात खाली लेबर. मग वर्क, वर्क काय, बैलही करतो. त्याच्या वर जॉब, म्हणजे पोटासाठी धरलेलं काहीतरी, आज आहे, उद्या नाही. एम्प्लॉयमेंट हा शब्द नुसता सरकारी कागदावर शोभतो. मग पोस्ट, आणि पोस्टच्या वर पोझिशन. पोस्टला टेबल मिळतं, पोझिशनला केबिन. प्रोफेशनला मान असतो. या सगळ्यांतून जाणारा रस्ता म्हणजे करिअर. आणि अगदी शेंड्यावर व्होकेशन.

“व्होकेशन म्हणजे, ताई, वरून हाक येते,” एकदा आमच्याकडे जेवताना तो म्हणाला.

“वरून म्हणजे?”

“ईश्वराकडून. त्या माणसाला त्याच कामासाठी बोलावलेलं असतं.”

“मग तुम्हाला कशासाठी बोलावलंय?”

“वाट बघतोय.”

“तोवर भात वाढू का?”

“वाढा थोडा.”

थोडा म्हणून त्याने तीनदा घेतला. मी देवाचं रोज करते. देव हाक मारत असेल तर ती पहिल्यांदा सकाळी उठण्यासाठी मारत असेल, एवढं मला कळतं. तीच याला ऐकू येत नाही.

विजेच्या सामानाच्या दुकानात लागला होता. मालकाने एका गिऱ्हाइकापुढे “आमचा माणूस दाखवेल तुम्हाला” म्हटलं, तर हा घरी आला. ‘माणूस’ हे डेझिग्नेशन नाही म्हणे. छापखान्यात मुद्रितं तपासायला ठेवलं, तर तिथे कामाला जॉब म्हणतात. लग्नपत्रिकेचा जॉब, बिलबुकाचा जॉब. दिवसभर तो शब्द कानांवर आदळतो म्हणून सोडलं. बस डेपोत चांगलं खिडकीत बसायचं होतं. पण तिथे ड्युटी लागते, आणि ड्युटी म्हणे शिपायाला लागते. त्यानंतर तो घरातच आहे. कुणी विचारलं तर सांगतो, “मी सध्या बिटवीन पोझिशन्स आहे.” म्हणजे बायकोच्या पगारावर आहे.

बायको, म्हणजे माझी बहीण, मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. धुतलेल्या चादरी तापलेल्या रोलरमध्ये घालायच्या. दोघी दोन टोकांना, कड ताणून धरायची आणि सरळ आत सोडायची. दिवसभर तेच. त्यात तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. चहाचा कप हातातून सुटायला लागला. डॉक्टर म्हणाले, मनगटाची नस दबली आहे, ऑपरेशन करा आणि दीड महिना हाताला आराम द्या, नाहीतर हात कायमचा जाईल.

आता त्या लाँड्रीत एक जुनी रीत आहे, बदलीची. आजारी बाईने आपल्या जागी सख्खं माणूस उभं केलं तर तिची जागा राहते. नाही केलं तर यादीतली पुढची बाई घेतात, मग परत घेणं नाही. पण बदलीवाल्याला स्वतःचं नाव नसतं. तो उभा राहिला म्हणजे ती उभी राहिली. त्याचा खाडा तो तिचा खाडा, त्याची सही ती तिची सही.

मी म्हटलं, मी उभी राहते. तर बहीण म्हणाली, “नको ताई. एकदा तरी त्यांना माझ्यासाठी उभं राहू दे.”

मी हट्ट सोडला. हौस होती बिचारीची.

तो तयार झाला, पण शब्द मिळाल्याशिवाय घराबाहेर पडेना. “सबस्टिट्यूट म्हणू नका. सबस्टिट्यूट खेळाडू असतो, बाकावर बसलेला. मी ॲक्टिंग आहे. मोठमोठ्या ऑफिसांत ॲक्टिंग डायरेक्टर असतात.”

“असाल, असाल,” मी म्हटलं. “ॲक्टिंगला डबा काय देऊ?”

पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मुकादमबाईंनी त्याला टोकाला उभं केलं. दुपारपर्यंत शर्ट अंगाला चिकटला. दुसऱ्या दिवशी त्याने समोरच्या बाईला मॅनेजमेंट शिकवायला घेतलं. ती म्हणाली, “काका, कड सुटली. आधी ती मॅनेज करा.” सगळ्या हसल्या. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर तो परतलाच नाही.

नुसता परतला नसता तरी चाललं असतं. मुकादमबाईंनी निरोप पाठवला असता, मी गेले असते, दोन खाडे पडले असते, बस. पण नाही. न सांगता काम सोडून जातो तो लेबर. जॉब सोडतात, पोझिशन रिझाइन करतात. याने ऑफिसात बसून, तिथलाच कागद मागून घेऊन, झकास इंग्रजीत राजीनामा लिहिला. आवक खिडकीवर शिक्काही मारून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा याने एखादं काम शेवटपर्यंत नेलं, आणि ते हे.

संध्याकाळी मुकादमबाई स्वतः बहिणीच्या घरी आल्या. मी तिला भरवत होते. बाईंनी चपला काढल्या नाहीत, दारातूनच म्हणाल्या, “अगं, तू राजीनामा दिलास.”

“मी?”

“बदलीवाल्याने दिला म्हणजे तूच दिलास. शिक्का मारून घेतलाय शहाण्याने, नाहीतर मी तिथेच फाडला असता. उद्या भोंगा व्हायच्या आत मागे घेतल्याचा कागद ऑफिसात हवा. आणि तुझ्या टोकाला माणूस उभं हवं. एकदा साहेबांनी राजीनाम्यावर सही केली, की संपलं.”

बहिणीच्या हातावर बँडेज, तोंडात माझा घास. तो घास तिने गिळलाच नाही, गालात तसाच धरून बसली.

तो खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होता. मी म्हटलं, “भाऊजी, दोन ओळी लिहून द्या. राजीनामा मागे घेतो म्हणून.”

“ताई, तसं करता येत नाही. एकदा टेंडर केलेलं रेझिग्नेशन विथड्रॉ करणं अनप्रोफेशनल दिसतं. माझ्या रेकॉर्डला ते बरं नाही.”

“कसलं रेकॉर्ड? तीन दिवसांचं?”

“ड्युरेशनचा प्रश्न नाही, प्रिन्सिपलचा आहे.”

“तिची जागा जातेय!”

“तो नुसता जॉब आहे, ताई. दुसरा मिळेल. माणसाने करिअरचा विचार करावा.”

मुकादमबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात देवाचं नाव घेतलं. भक्तीने नाही, तोंडातून दुसरं काही निघू नये म्हणून.

बहिणीने घास गिळला. म्हणाली, “बाई, राजीनामा माझा धरलाय ना?”

“तुझाच.”

“मग मागे घ्यायचा तो मीच घेणार. ताई, तू लिही. आपल्या भाषेत लिही.”

मी दोन ओळी लिहिल्या. तिने डाव्या हाताने पेन धरलं. पहिलं अक्षर कागदाबाहेर गेलं. दुसऱ्यांदा मी कागद दाबून धरला आणि तिने सावकाश, जीभ दातांत धरून, सगळं नाव उमटवलं.

तो वर्तमानपत्राआडून म्हणाला, “सिग्नेचर टॅली होणार नाही.”

मुकादमबाई म्हणाल्या, “डाव्या हाताची आहे ते मी सांगेन. बघितलंय मी.” कागद पर्समध्ये टाकून त्या गेल्या. त्याच्याकडे बघून नमस्कारही केला नाही. मला फार बरं वाटलं, देव क्षमा करो.

दुसऱ्या दिवशी भोंग्याआधी मी बहिणीच्या टोकाला उभी होते. वाफेने चष्मा धुरकट, कानात मशीनची घरघर. माझी पहिली चादर तिरकी गेली, दुसरीला मध्येच चुणी पडली. बहीण बँडेजचा हात छातीशी धरून शेजारी स्टुलावर बसलेली. “अंगठा वर घे ताई. ओढू नकोस, नुसती धर. ती आपणहून जाते.” मधल्या वेळेत साहेब येऊन गेले. कागद बघितला, तिचा हात बघितला, मान हलवली. जागा राहिली. समोरची बाई म्हणाली, “तुमच्या मेहुण्यांपेक्षा बऱ्या आहात हो.” मी म्हटलं, यापेक्षा हलकी शाबासकी मला जन्मात कुणी दिली नाही.

दुपारी फाटकावरच्या माणसाने आत येऊन सांगितलं, “बाहेर एक गृहस्थ आलेत. दार ओढलं गेलं म्हणून घराची किल्ली मागतात. जेवायचं काय केलंय, तेही विचारतात.”

मला वाटलं बहीण उठेल. लग्नापासून ती उठतच आली आहे. तिने चादरीवरची नजर काढली नाही. “किल्ली शेजारी ठेवलीय म्हणावं. आणि मोरीत धुणं पडलंय. ते वर्क की जॉब, ज्याचं त्यानं ठरवावं.”

फाटकावरचा माणूस हसत गेला. त्याने शब्दन् शब्द जसाच्या तसा सांगितला, असं मागून कळलं.

संध्याकाळी बहिणीला सोडायला गेले तर धुणं तसंच मोरीत. तो पलंगावर, डोळ्यांवर हात. त्याने अजून काहीच ठरवलं नसावं. बहिणीने माझ्याकडून त्यातले तिचे कपडे काढून घेतले, तेवढेच मला धुवायला लावले. मी सवयीने त्याच्या कपड्यांना हात घातला, तर म्हणाली, “ते राहू दे.”

अजून तिथेच आहेत.