तेरा रुपये, पण कोणाला?

आत्याला कुठलीही रक्कम सांगा, तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कोणाला द्यायचेत?" कोपरीतल्या तिच्या घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर एक जुना मिसळणाचा डबा होता. त्याच्या वाट्यांत जिरं-मोहरी नसायची. एक, दोन, पाच आणि दहाची नाणी असायची. रोज सकाळी बाजाराला निघण्याआधी ती डबा मांडीवर घेऊन बसे आणि पालेभाजी निवडावी तशी नाणी निवडे.

फुलवाल्या मंदाला वीस रुपये द्यायचे, तर ती पाचाची दोन, दोनाची चार आणि रुपयाची दोन काढायची. "भल्या सकाळी जो तो तिच्यापुढे शंभराची नोट नाचवतो. सुट्टे नसले की गिऱ्हाईक पुढे जातं बिचारीचं." भाजीवाला दहाचं नाणं बघून कुरकुरायचा, "आजी, हे कोणी घेत नाय ओ." त्याच्याशी न भांडता ती पाचाची दोन द्यायची. औषधवाल्याला मात्र अगदी नेमके पैसे. तो रुपयाऐवजी लिमलेटची गोळी हातावर ठेवायचा. "गोळीच द्यायची तर गुडघ्याची दे," असं ती त्याच्या तोंडावर म्हणे.

लहानपणी मी सुट्टीत तिच्याकडे जायचे, तेव्हा ती मला पाऊण रुपया करायला सांगायची. मी झटकन एक आठाणे, एक चाराणे मांडायचे. दोन नाण्यांत काम फत्ते! आत्या हसायची. "बरोबर आहे गं. पण कोणाला द्यायचेत, ते विचारलंस का?"

ते मी कधीच विचारलं नाही.

गेल्या वर्षी तिचे गुडघे फारच कुरकुरू लागले, म्हणून मी तिला डब्यासकट डोंबिवलीला माझ्या घरी आणलं. मला कामं लिहून, एकेक खोडत करायची सवय आहे. न्हाणीघरात धरायला दांडी, औषधांच्या वेळा, डॉक्टरांनी सांगितलेल्या गॅलरीतल्या फेऱ्या, सगळं यादीत होतं. 'चिल्लर' हेही होतं. ती दुपारी आडवी झाली असताना मी नाणी खालच्या वाण्याला दिली. त्याने खूश होऊन नोटा दिल्या, त्या मी तिच्या पाकिटात नीट ठेवल्या. डबा घासून त्यात मसाले भरले. भाजी फोनवरून यायची, फुलपुडी दाराच्या कडीला.

"आत्या, आता तुला खाली उतरायचं काही कारणच नाही," मी म्हणाले. मला वाटलं, मी तिला केवढं सुख दिलं.

"हो ना," ती म्हणाली. "कारणच नाही."

काही दिवस तिने गॅलरीत फेऱ्या मारल्या. मग बंद केल्या. कोपरीत ज्या गुडघ्यांनी ती रोज बाजार गाठायची, ते गुडघे आता पलंगावरून उठेनात. वीजबिलासाठी मी कोपरीला गेले, तेव्हा मंदाने हटकलं, "ताई, आत्या कधी येतायत? त्यांच्याबिगर सुट्ट्यांची लय पंचाईत होते." घरी आल्यावर मी हे आत्याला सांगितलं नाही. उगाच ओढ लागेल, असं स्वतःला समजावलं.

ती वारण्याच्या महिनाभर आधी मला राहवेना. मी वाण्याकडून नाणी मागून आणली, डब्यातले मसाले काढले, वाट्या पुन्हा भरल्या आणि डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिने वाट्यांवरून हळूच बोटं फिरवली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला.

"आत्या, तेरा रुपये कर," मी म्हणाले.

तिने पाचाचं एक नाणं उचललं, थांबली, माझ्याकडे बघितलं.

"कोणाला द्यायचेत?"

मी दाराकडे बघितलं, मग हातातल्या फोनकडे. तिथे नाणी घेणारं कोणीच नव्हतं. तिने नाणं परत वाटीत ठेवलं.