नवरी नावाचा फाँट

आमच्या कामोठ्याच्या दुकानात रद्दी आणि किस्से रोज साठतात. रद्दी शनिवारी भंगारवाला उचलतो. किस्से तेवढे माझ्याकडे राहतात, कारण कॉम्प्युटरवर मी बसते आणि प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून मान आत घालतं.

दुकान पत्रिका, पाट्या, फ्लेक्स छापण्याचं. फाँटची खरी नावं लांबलचक इंग्रजी, म्हणून आम्ही आपली ठेवलीत. जाडजूड तो ‘पैलवान’, नेत्यांच्या वाढदिवसासाठी. साधा सरळ तो ‘मास्तर’. आणि लग्नपत्रिकेचा तो वळणदार, प्रत्येक वेलांटीला झुपका, प्रत्येक उकाराला शेपटी, एका अक्षराचा पदर दुसऱ्याच्या खांद्यावर, ती ‘नवरी’. अडचण एकच. ज्याला त्याला नवरीच हवी.

हे सगळं बघायला तात्या रोज हजर. गाळा त्यांचाच. गावातले जुने शेतकरी, आता भाडं येतं पण वेळ जात नाही, म्हणून सकाळी माझ्या शेजारच्या खुर्चीत पेपर वाचतात. त्यांना दोन मुलगे. एकच घर, पण दरवाजे दोन. मुलं आठ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण आता कोणाला आठवत नाही, राग मात्र दोघांनी नीट सांभाळलाय.

* * *

समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी टाकी सफाईची नोटीस नवरीत करून घेतली. “साध्या नोटिशीकडे लोक बघतच नाहीत हो!”

या वेळी बघितलं, पण लांबूनच. ‘रविवारी सकाळी दहा वाजता, गच्चीवर’ एवढंच डोळ्यात भरलं आणि चार कुटुंबं नटून वर गेली. टाकीत उतरलेला माणूस डोकं बाहेर काढतो तर समोर पैठण्या. एका काकूंनी त्याच्या हातात आहेराचं पाकीट ठेवलं. त्याने ते घेतलं.

* * *

रबाळ्याच्या एका कारखान्याच्या मॅनेजरला मशीनवर लावायला पाटी हवी होती, ‘आत हात घालू नये’. मी म्हटलं, मास्तर लावू. ते म्हणाले, नाही, तो सुंदरवाला.

तिसऱ्या दिवशी पाटी परत. “काय झालं सर?”

“कामगारांनी मशीनला मुंडावळ्या बांधल्या. सुपरवायझर विचारतोय, मुलाकडचे कधी येणार.”

तात्या पेपरामागे इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

* * *

तुर्भ्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने ट्रकच्या मागे ‘सुरक्षित अंतर ठेवा’ नवरीत लिहून घेतलं. महिन्याभरात मागचा बंपर दोनदा चेपला. वाचायला लोक जवळ येत होते.

* * *

तात्यांच्या पंच्याहत्तरीला दोन्ही मुलांनी वेगवेगळे फ्लेक्स करून घेतले. दोन्ही पैलवानात, आणि शुभेच्छुकांत भावाचं नाव कुठेच नाही. चौकात ते समोरासमोर लागले. त्या दिवशी तात्या खुर्चीत बसले, पण पेपर उघडला नाही.

“मी मेल्यावं बी दोनच लागतील,” ते म्हणाले. “लोकं मना बगतील का ह्यांचं भांडन?”

मला फार वाईट वाटलं. मी माउस पुसत बसले.

* * *

आठवड्याने तात्या लवकर आले. “पोरी, माजा श्रद्धांजलीचा फ्लेक्स कर.”

“तात्या, काहीतरीच काय!”

“प्रूफ बगाला नको? नंतर मना कोन दावनार?”

गाळामालकाला नाही कसं म्हणणार? फाँट कुठला, विचारलं. “नवरी. माज्या लग्नान पत्रिका नव्हती.” फोटो त्यांनी हसरा निवडला. खाली ‘शोकाकुल’, आणि दोन मुलांची नावं.

“आधी कोणाचं?”

“कोनाचंच नाय. त्या अक्षरांना शेपट्या हायेत ना? त्या एकमेकांत अडकव.”

दोन तास लागले. थोरल्याच्या नावाची शेपटी धाकट्याच्या वेलांटीत घातली, धाकट्याची फिरवून परत थोरल्याच्या कान्याला आणली. गोल तयार झाला. तो कुठून सुरू होतो, ते मलाही सांगता येईना. मास्तर-पैलवानाला हे सात जन्मांत जमलं नसतं, हे मला मान्य करावं लागलं. तात्यांनी स्क्रीनवर बोट फिरवत दोन चकरा मारल्या.

“आता एकाला कापून दाव म्हनावं,” ते म्हणाले.

छापून हातात दिला, तेव्हा मला वाटलं, घडी घालून कपाटात ठेवतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला आले, तर फ्लेक्स चौकात लागलेला. आणि तात्या नेहमीसारखे खुर्चीत, तोंडासमोर पेपर.

दहाच्या सुमारास बाहेर एक स्कूटर करकचून थांबली. थोरला चालवत होता. मागे धाकटा, मांडीवर उतरवलेला फ्लेक्स. दोघं एकदमच आत शिरले.

“मॅडम, बाप जिता हाय आमचा!” थोरला ओरडला. “काय अक्कल हाय का नाय?”

“दादा, तू थांब,” धाकटा म्हणाला. “मी बोलतो.”

थोरला थांबला.

शेजारच्या खुर्चीतला पेपर जरासा खाली आला.

“स्कूटर कोनाची आनली रं?” तात्यांनी विचारलं.